रापणीत सापडलेला समुद्रघोडा: तो जगला असेल का?

सायली_म
दिवाळीच्या सुट्टीत आजोळी मालवणला गेलो होतो. एका सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते, लेक (वय ८) धावत जाऊन दोरीला लागली, मग मीही लागले, आणि बऱ्याच वेळाने जाळं वर आलं तर त्यात तारल्या, पेडवे, चार-दोन बांगडे, दोन कुर्ल्या आणि शेवाळाचा एक मोठा झुपका. त्या झुपक्याला शेपटीचा वेढा घालून एक समुद्रघोडा बसला होता! जिवंत! माझ्या मधल्या बोटाएवढा, पिवळट तपकिरी, डोक्यावर छोटा तुरा. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला, आणि लेक तर तोंडाचा आ करून बघतच राहिली.

पोट चांगलंच फुगलेलं होतं. मी म्हटलं मादी दिसतेय, पिल्लं होणार असतील. रापणीतल्या एका आजोबांनी तो शेवाळासकट उचलला, कमरेएवढ्या पाण्यात चालत गेले आणि झुपक्यासकट तसाच्या तसा सोडून आले. लेकीचं म्हणणं, आजोबांनी त्याला शेवाळातून सोडवायला हवं होतं, तो अडकला होता. तेव्हापासून रोज एकच प्रश्न, आई तो जगला असेल का. मला काही सांगता येत नाहीये. नेटवर इतकं काय काय आहे की खरं काय तेच कळेना. कुणाला माहिती असेल तर लिहा प्लीज, समुद्रघोड्याबद्दल काहीही चालेल, ती सगळं ऐकायला बसलीये.

पाणकोंबडी
अय्या किती छान! फोटो काढला का?

सायली_म
नाही गं, हात वाळूने भरलेले आणि मोबाईल आजीकडे. डोळ्यांनी बघितला तेवढाच.

तन्मय_क
मादी नसणार ताई. समुद्रघोड्यांत नर गरोदर राहतो. तुम्ही बघितलात तो बाबा होता बहुतेक :)

खडूस_खेकडा
हे 'नर गरोदर राहतो' मला जरा वाढवून सांगितल्यासारखं वाटतं. मादी अंडी घालते, नर ती पिशवीत सांभाळतो, एवढंच ना? कांगारूची पिशवी असते तसं. सांभाळणं वेगळं आणि गरोदरपण वेगळं.

लाटांवर
मी समुद्री जीवशास्त्र शिकलेय आणि चार वर्षं तमिळनाडूत मंडपमजवळ काम केलंय म्हणून लिहिते, लांब होईल.

खेकडादादा, कांगारूचं पिल्लू आधी आईच्या पोटात वाढतं, जन्मतं आणि मग पिशवीत जातं. समुद्रघोड्याचं तसं नाही. मादी अंडी थेट नराच्या पिशवीत सोडते आणि ती फळतात तिथेच. मग पिशवीचं तोंड बंद होतं, आतलं अस्तर जाड होतं, त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं, प्रत्येक अंडं त्या अस्तरात रुतून बसतं. बाप पिल्लांना प्राणवायू पुरवतो, त्यांची घाण बाहेर काढतो, आणि आतल्या पाण्याचा खारटपणा हळूहळू बदलत नेतो, म्हणजे बाहेर पडल्यावर समुद्राच्या पाण्याचा धक्का बसत नाही. याला नुसतं सांभाळणं म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

साधारण दोन ते चार आठवडे, पाण्याच्या तापमानावर कमीजास्त. मग कळा येतात, खरंच कळा येतात, अंग पुढेमागे वाकवून वाकवून तो पिल्लं बाहेर फेकतो, कधी कधी तासन्तास चालतं. बारक्या जातींत थोडीच पिल्लं, पण काही जातींत हजाराच्या वर, अगदी दोन हजारांपर्यंत.

सायलीताई, एक सांग. फुगा नक्की कुठे होता? धडावर, की खाली, शेपटी सुरू होते तिथे?

सायली_म
खाली! शेपटी सुरू होते तिथेच. आणि बाकी अंगावर कडी कडी होती तशी तिथे नव्हती, एकदम गुळगुळीत, फुग्यासारखं.

लाटांवर
मग तो नरच. ती त्याची पिशवी. मादीलाही अंडी द्यायच्या आधी पोट येतं पण ते वर, धडावर. तुम्ही दिवस भरत आलेला बाप हातात धरलेला बघितलात, मला हेवा वाटतोय.

खडूस_खेकडा
अंड्याभोवती रक्तवाहिन्या येतात हे माहीत नव्हतं. माझं म्हणणं मागे घेतो. गरोदरच म्हणायचं.

पाणकोंबडी
नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणाला, मला आधी शेपटी आणून दे मग बघू :) :)

नंदिनीमावशी
पण नरच का गं? निसर्गाने हे काम त्याच्याकडे का दिलं असेल?

लाटांवर
मावशी, 'का'चं उत्तर कुणी छातीठोक देत नाही, पण फायदा दिसतो तो असा: तो पिल्लं वाढवतो तेवढ्या दिवसांत ती पुढची अंडी तयार करते. तो मोकळा झाला की थोड्याच वेळात, कधी कधी त्याच दिवशी, पुन्हा जोडी जमते. एका हंगामात बऱ्याच खेपा होतात. आणि ते गरजेचं आहे कारण जन्मलेल्या पिल्लांकडे मग दोघंही बघत नाहीत. पिल्लं पाण्याबरोबर वाहत जातात, वाटेतले मासे त्यांना खातात. हजारात पाचसुद्धा मोठी होत नाहीत असं म्हणतात.

लेकीला हे सांगताना जरा सांभाळून.

देवबागकर
रापणीत गावता कधी कधी. आमी तेका घोडोच म्हणतव. माझो आजो सांगायचो, घोडो गावलो तर हात लावायचो नाय, पाण्यात टाकायचो. का ता काय सांगूक नाय. पयल्यांदा जास्त गावायचे, आता वर्साक एखादो दिसलो तर दिसलो.

अश्विन_पारनेर
इथे एक भाबडा प्रश्न. आम्हाला शाळेत 'पाणघोडा' म्हणजे तो आफ्रिकेतला जाडा, आणि काही पुस्तकांत हाच मासा पाणघोडा लिहिलेला. बरोबर कुठलं?

तन्मय_क
पाणघोडा हिप्पोच. हा समुद्रघोडा. पण गंमत म्हणजे दोघांच्याही शास्त्रीय नावात घोडाच आहे. ग्रीकमध्ये 'हिप्पोस' म्हणजे घोडा. हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा, आणि समुद्रघोड्याचं नाव हिप्पोकॅम्पस, त्यातला 'कॅम्पोस' म्हणजे समुद्रातला राक्षस. बोटाएवढ्या जिवाला राक्षस!

लाटांवर
तमिळमध्येही 'कडल कुदिरै', कडल म्हणजे समुद्र आणि कुदिरै म्हणजे घोडा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ज्याची नोंद आहे त्या जातीचं नाव हिप्पोकॅम्पस कुडा, आणि मलय भाषेत 'कुडा' म्हणजे पुन्हा घोडाच. म्हणजे घोडा-समुद्रराक्षस-घोडा. चिनी लोकही त्याला समुद्रघोडाच म्हणतात. जिथे जाल तिथे माणसाला त्याच्यात घोडा दिसलाय.

अश्विन_पारनेर
पण मग तो मासाच ना? दिसतो कुठे माशासारखा.

लाटांवर
शंभर टक्के मासा. कल्ले आहेत, पोटात हवेची पिशवी आहे, पर आहेत. खवले मात्र नाहीत, कातडीखाली हाडाच्या चकत्यांचं चिलखत. शेपटीला पर नाही, पोटाखालचे पर नाहीत. २०१६ मध्ये एका जातीचा पूर्ण जनुकसंच वाचला तेव्हा कळलं की पोटाखालचे पर ज्या जनुकामुळे येतात ते जनुकच याच्याकडे उरलेलं नाही.

दात नाहीत. आणि जठरही नाही! खाल्लेलं सरळ आतड्यात, पुढे बाहेर. त्यामुळे बिचारा दिवसभर खातच असतो.

नंदिनीमावशी
आमचा नातू.

चक्रपाणी
धागा उशिरा बघितला. मी मेकॅनिकलवाला, माशांतलं काही कळत नाही पण याच्या शेपटीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. प्राण्यांच्या शेपट्या आठवा, माकड, सरडा, उंदीर, बहुतेक सगळ्या गोल. समुद्रघोड्याची चौकोनी! कापून बघितली तर चौरस. छत्तीसेक कड्या एकामागे एक, आणि प्रत्येक कडी चार कोपऱ्यांवरच्या चार काटकोनी चकत्यांची बनलेली, चकत्या एकमेकींवर सरकू शकतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी थ्रीडी प्रिंटरवर एक चौकोनी आणि एक गोल अशा दोन शेपट्या बनवल्या, आणि दाबल्या, पिळल्या, हातोड्याने ठोकल्या. चौकोनी जिंकली. दाबली की चकत्या एकमेकींवर सरकून चपटी होते आणि सोडली की पुन्हा जागेवर, गोल मात्र मोडते. शिवाय गोल वेटोळं पकडीला फक्त रेघेवर टेकतं, चौकोनी सपाट टेकते म्हणून पकड घट्ट. बोटाएवढ्या माशात खेकड्याच्या नांगीला पुरून उरणारं डिझाईन आहे हे. मी ऑफिसात चार जणांना कागदाच्या पट्ट्या घडी घालून दाखवलंय.

खडूस_खेकडा
खेकड्याचा उल्लेख आल्यामुळे हजेरी लावतो. पकड आम्हालाही येते :)

चक्रपाणी
:) आणि ती पकड त्याला लागतेच कारण पोहण्यात तो अगदी कच्चा. पाठीवरचा पर सेकंदाला ३०-३५ वेळा, कधी त्याच्या दुप्पट हलतो तेव्हा कुठे गाडी पुढे सरकते. त्यातली एक बुटकी जात तर जगातला सगळ्यात हळू मासा म्हणून गिनीजमध्ये आहे, तासाला दीड मीटर.

तन्मय_क
आणि एवढा हळू असून शिकारीत वाघ! तीच बुटकी जात. तिचं खाद्य कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले टाचणीच्या टोकाएवढे किडे, आणि ते पाणी जरा हललं की पळतात, विजेसारखे. पण समुद्रघोड्याच्या डोक्याचा आकारच असा आहे की नाकासमोरचं पाणी हलतच नाही. अगदी जवळ जातो आणि चटकन तोंड उडवून ओढून घेतो. २०१३ च्या एका अभ्यासात दहापैकी नऊ झडपा यशस्वी निघाल्या. डोळेही दोन दिशांना वेगवेगळे फिरतात, सरड्यासारखे.

सुहास_सिडनी
इथे सिडनी हार्बरमध्ये यांची स्वतःची जात आहे, हिप्पोकॅम्पस व्हाइटाय. मी हौशी डायव्हर, रविवारी सकाळी चाउडर बेला जातो. तिथे पोहण्यासाठी समुद्रात जाळी बांधलीये, त्या जाळीला हे लटकलेले असतात. पहिल्या तीन डाइव्हमध्ये मला एकही दिसला नाही, चौथ्यांदा सोबतच्या बाईंनी बोट दाखवलं तर माझ्या काचेपासून वीतभर अंतरावर होता, इतका तो रंग बदलून जाळीत मिसळलेला.

समुद्रातलं गवत कमी झालं तसे हे धोक्यात आले, मग इथल्या लोकांनी 'सीहॉर्स हॉटेल' केली. म्हणजे पिंजरे पाण्याखाली ठेवायचे, त्यावर शेवाळ, स्पंज चढतं, आणि यांना धरून बसायला जागा होते. मत्स्यालयात वाढवलेली पिल्लं २०२० मध्ये त्या हॉटेलांत सोडली. हॉटेल हे नाव ऐकून माझ्या आईने विचारलं, जेवण काय देतात.

आणि एक. या जातीची जोडी असते. रोज सकाळी मादी नराच्या जागेवर येते, दोघं रंग उजळवतात, शेपट्या एकमेकांत अडकवतात, एकाच काडीभोवती गोल गोल फिरतात. मग ती आपल्या वाटेने जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी एकदाच बघितलंय, अर्धा मिनिट असेल, पण विसरणार नाही.

पाणकोंबडी
रोज सकाळी!! हे मात्र नवऱ्याला पुन्हा वाचून दाखवते.

लाटांवर
सुहासदादा मस्त. फक्त 'समुद्रघोडे जन्मभर एकनिष्ठ' असं जे फिरतं ते सगळ्या जातींना लागू नाही हं. बऱ्याच जातींत जोडी हंगामापुरती, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचा तो सगळ्यात मोठा, फूटभराचा, मोठ्या पोटाचा समुद्रघोडा अजिबात जोडी धरून राहत नाही.

रेवती_जोग
थोडं अवांतर लिहू का. आपल्या मेंदूत एक भाग आहे हिप्पोकॅम्पस, नाव याच माशावरून. १५८७ मध्ये अरांझी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने दिलेलं, मेंदू उघडल्यावर तो तुकडा वळलेल्या समुद्रघोड्यासारखा दिसला म्हणून. नव्या आठवणी पक्क्या करायचं काम तो करतो.

मला हे कळलं ते सासूबाईंच्या एमआरआयच्या वेळी. डॉक्टरांनी पडद्यावर दोन बाजूंना दोन बारीक वळणं दाखवली आणि म्हणाले, हे दोन समुद्रघोडे आहेत, ते वाळत चाललेत. अल्झायमरमध्ये हा भाग फार लवकर बाधित होतो. त्यांना लग्नातली गाणी पाठ आहेत, सकाळचा चहा झाला का ते आठवत नाही. तेव्हापासून कुठे समुद्रघोडा दिसला की मी थांबते. म्हणून हा धागा पूर्ण वाचला.

नंदिनीमावशी
रेवती, किती छान आणि किती अवघड लिहिलंस. त्यांना गाणी म्हणायला लावत जा गं.

तन्मय_क
रेवतीताई, त्याच भागाची दुसरी बाजू म्हणजे लंडनचे टॅक्सीवाले. हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते त्यांना. २००० साली त्यांचे मेंदू तपासले तर या समुद्रघोड्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षं गाडी चालवली तितका जास्त.

अश्विन_पारनेर
धाग्याच्या विषयाकडे येतो. माझ्याकडे एक किचेन आहे, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये खरा वाळवलेला समुद्रघोडा. परदेशातून मित्राने आणलेली. आता हे वाचून हातात धरवत नाहीये. हे कायद्याने चालतं का?

लाटांवर
भारतात नाही. २००१ पासून समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ज्यात वाघ आहे त्याच. पकडणं, विकणं, बाळगणं सगळं गुन्हा. आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००४ पासून साइटिसचं, म्हणजे वन्य जिवांच्या व्यापाराबद्दलच्या जागतिक कराराचं, नियंत्रण. तरी चोरून जातातच, पारंपरिक चिनी औषधांत वाळवलेल्या समुद्रघोड्यांना मोठी मागणी आहे. अश्विनदादा, जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात विचारून त्यांच्याकडे देऊन टाका, आणि मित्राला सांगा पुढच्या वेळी चॉकलेट आण.

देवबागकर
कायदो आसा ता बरोबर, पण माका एक सांगा. आमी काय घोडो धरूक जातव? जाळ्यात येता तो येता. उद्या कोणी म्हटल्यान तुमच्या जाळ्यात वाघासारखो प्राणी गावलो, तुमी गुन्हेगार, तर आमी काय करूचा?

खडूस_खेकडा
हे मला पटतं. बंदी घातली की काम झालं असं होत नाही. ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्याच डोक्यावर तलवार.

सुहास_सिडनी
पण बंदी नसती तर आज जे उरलेत तेही नसते, हेही बघा ना.

लाटांवर
दोघांचंही थोडं थोडं बरोबर, आणि मी हे मंडपमला डोळ्यांनी बघितलंय. बंदी आली तेव्हा सगळ्यात जास्त मार बसला तो बुडी मारून हाताने वेचणाऱ्या गरीब माणसांना. पण समुद्रघोडे मुख्य मरतात ते तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत, ते कुणी मुद्दाम पकडत नसतं, कोळंबीबरोबर येतात. २०१७ मध्ये प्रोजेक्ट सीहॉर्स या समुद्रघोड्यांवरच काम करणाऱ्या गटाच्या संशोधकांनी वीसेक देशांची आकडेवारी एकत्र केली तर वर्षाला किमान ३ कोटी ७० लाख. नुसते असे, नको असताना आलेले. शिवाय ट्रॉलर त्यांचं गवतही उपटून नेतो. त्यामुळे माझं मत विचाराल तर कागदावरच्या बंदीपेक्षा ट्रॉलर कुठे चालवायचा नाही हे ठरवणं आणि ते पाळायला लावणं, याने जास्त फरक पडेल. देवबागकरदादांच्या रापणीने समुद्रघोडे संपलेले नाहीत.

देवबागकर
ह्या लिवलास ता बरा केलास.

सायली_म
दोन दिवस येता आलं नाही, आज सगळं लेकीला वाचून दाखवलं. किती लिहिलंत सगळ्यांनी! तो बाबा होता हे ऐकून ती उडालीच, शाळेत सगळ्यांना सांगून आली. एका मुलाशी भांडणही झालं, तो म्हणाला असं होतच नाही. चौकोनी शेपटीसाठी आता घरात कागदाच्या पट्ट्या पडल्यात. रेवतीताई, तुमचं वाचून दाखवताना माझाच आवाज गेला.

पण ती पुन्हा त्याच प्रश्नावर आली. जगला असेल का? आणि सुहासदादांचं वाचल्यापासून दुसरा प्रश्न, त्या सकाळी त्याची बायको भेटायला आली असेल तर तिला तो कुठे सापडणार?

लाटांवर
अरे देवा, दुसऱ्या प्रश्नाने मी हरले. पण पहिल्याचं नीट सांगते.

खोल पाण्यातून ट्रॉलरमध्ये वर आलेला समुद्रघोडा बहुतेक वेळा मेलेला किंवा मरणाच्या दारात असतो. तासन्तास ओढला जातो, इतर माशांखाली चिरडतो. रापण उथळ पाण्यात असते, हळू ओढतात आणि सगळं जिवंत किनाऱ्यावर येतं. तुम्ही त्याला लगेच बघितलंत, तो जिवंत होता, शेपटीची पकड घट्ट होती. पकड हीच त्याच्या तब्येतीची खूण. दमलेला, मरायला टेकलेला समुद्रघोडा आधी पकड सोडतो.

आता आजोबांनी काय केलं ते बघा. मोकळ्या पाण्यात सुटा सोडला असता तर हा पोहण्यात इतका कच्चा जीव, लाटेने पुन्हा वाळूवर आणून टाकला असता. वादळानंतर किनाऱ्यावर मेलेले सापडतात ते त्यामुळेच, धरायला काही नसतं. आजोबांनी त्याला झुपक्यासकट सोडला. तो शेवाळात अडकला नव्हता, त्याने ते धरून ठेवलं होतं. तीच त्याची लपायची जागा, तिथेच त्याचं खाणं. लेकीला सांग, आजोबांनी त्याला घरासकट परत पाठवला.

खात्री कुणी देऊ शकत नाही. पण त्याच्या वाटची सगळ्यात चांगली संधी त्याला त्या दिवशी मिळाली.

दुसऱ्या प्रश्नाचं एवढंच माहीत आहे की सुहासदादांच्या त्या सिडनीच्या जातीत नर जागा धरून राहतो आणि मादी त्याच्यापेक्षा बरीच जास्त फिरते. आपल्याकडच्यांचंही तसंच असेल तर शोधायला तीच निघाली असेल.

सायली_म
ऐकवलं. जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, आजोबांना कळलं होतं आणि मला नाही. आता त्यांना पत्र लिहायचं म्हणतेय, नाव माहीत नाही म्हणून वर 'रापणीतले आजोबा' असं लिहिलंय.

देवबागकर
पत्र हाडून दी. खयच्या रापणीतले ते मी इचारतय, गावातच गावतले. मे म्हयन्यात चेडवाक घेवन येवा, दोरयेक हात लावूक माणसां कमीच पडतत.

पाणकोंबडी
मी पण येऊ का?

देवबागकर
येवा. घोवाक पण हाडा.